लॉन कोणाचं, पाणी कोणाचं

शनिवार सकाळ. चहा झालाय, पोरगी अजून झोपलीय आणि शेजारच्या सोसायटीत माळीकाका मोवर चालवतायत. तो घर्र आवाज आणि पाठोपाठ येणारा ताज्या कापलेल्या गवताचा वास... पूर्वी मला हा वास फार आवडायचा. आता आला की अमरावतीचं घर आठवतं आणि थोडी लाज वाटते. कशाची, ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं. आज लिहूनच टाकतो.

तर झालं असं. दोन वर्षांपूर्वी अमरावतीत, बडनेरा रोडकडच्या एका लेआउटमध्ये, आईबाबांसाठी घर बांधून झालं. बाबा शाळामास्तर म्हणून रिटायर झालेले. आयुष्यभर भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलेले. म्हणून मी ठरवलं होतं, की पुढे मोकळी जागा ठेवायचीच. वीस बाय चाळीस, म्हणजे 800 चौरस फूट. त्या जागेत काय करायचं, यावर बाबांचं म्हणणं होतं एक कडुनिंब, एक कढीपत्ता, आईसाठी मोगरा आणि उरलेल्या जागेत वांगी-मिरच्या. माझ्या डोक्यात मात्र एकच चित्र होतं. हिरवंगार लॉन, त्यावर वेताच्या दोन खुर्च्या आणि पेपर वाचत बसलेले बाबा. हे चित्र माझ्या डोक्यात कुठून आलं, कुणास ठाऊक. बिल्डरच्या ब्रोशरमधून, कंपनीच्या कॅम्पसमधून, की ऑनसाइटला असताना बघितलेल्या घरांमधून. बाबांच्या डोक्यात ते नव्हतं, एवढं नक्की.

वास्तुशांती फेब्रुवारीत होती. बी पेरून किंवा गवताचे ठोंब लावून लॉन तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात. तेवढा वेळ कुणाला? नर्सरीवाल्याने सांगितलं, तयार कार्पेट घ्या साहेब, सकाळी जमीन, संध्याकाळी लॉन. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका पहाटे ट्रक आला. दोन बाय एकचे 400 तुकडे, खाली बोटभर लाल मातीचा थर आणि वर गवत. चार माणसांनी दिवसभरात फरशी बसवावी तसं ते बसवलं. संध्याकाळी पाइपने पाणी मारलं, तेव्हा आख्खी गल्ली बघायला आली होती. मी फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. "वॉव, अमरावतीत?" असे मेसेज आले. छाती फुगली वगैरे. असो.

आमच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते. सॉफ्टवेअर लाइव्ह करणं ही शेवटची पायरी नसते. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो, आणि बहुतेक वेळा तो दुसऱ्याच कुणाच्या तरी डोक्यावर पडतो. कोड लिहिणारा पुढच्या प्रोजेक्टवर गेलेला असतो आणि रात्री दोन वाजता फोन वाजतो तो सपोर्टवाल्याचा. हे सगळं मला तोंडपाठ. तरी मी लॉन लावलं, वास्तुशांतीचं जेवण केलं आणि सोमवारी पुण्याला निघून आलो. :-)

आता थोडं तांत्रिक. ज्यांना फक्त गोष्ट हवी आहे त्यांनी पुढचे चार-पाच परिच्छेद गाळले तरी चालतील. पण कुणी नवीन कार्पेट लॉन लावलं असेल, तर वाचाच. मी हे सगळं चुका करून झाल्यावर शिकलो.

माझा आतेभाऊ अकोल्याचा. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून बी. एस्सी. ॲग्री केलेला. (ज्यांच्या नावाचं हे 1969 सालचं विद्यापीठ, ते भाऊसाहेब देशाचे कृषिमंत्री होते आणि आमच्याच अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. हे सांगितल्याशिवाय वऱ्हाडी माणसाचा लेख पूर्ण होत नाही.) त्याने मला पहिल्यांदा समजावलं, की कार्पेटचा तुकडा म्हणजे मुळं कापलेलं गवत. नर्सरीत उपटताना बहुतेक मुळं मागे राहतात. आपल्याकडे येतो तो जेमतेम बोटभर मातीत तग धरून असलेला पेशंट. त्याला खालच्या जमिनीत नवी मुळं सोडायला दोन ते तीन आठवडे लागतात. तोवर वरचा थर आणि त्याखालची इंचभर माती सतत ओलसर हवी. थोडं थोडं पाणी, दिवसातून दोन-तीन वेळा. तुकड्यांच्या कडा आणि जोड आधी वाळतात, म्हणून तिथे जास्त लक्ष. तिसऱ्या आठवड्यापासून उलटं करायचं. पाण्याच्या पाळ्या कमी, पण पाणी खोलवर. मुळांना खाली जायला कारण मिळालं पाहिजे. रोज वरच्या वर पाणी मिळालं तर ती वरच राहतात आणि मे महिन्यात पहिल्या झटक्यात मरतात.

आमच्याकडे आणखी एक भानगड होती. अमरावतीची काळी माती. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात इतकी आकसते, की भेगेत खुरपं गडप होतं. तिच्यावर लॉन लावायचं तर आधी सहा-आठ इंच खणून शेणखत आणि रेती मिसळायची, पाणी भरून ती पूर्ण बसू द्यायची, सपाटी करायची आणि तुकडे टाकताना खालची माती ओली ठेवायची. आमच्याकडे वास्तुशांतीची घाई. मजुरांनी बांधकामाचा चुरा बाजूला सारला, वर फळी फिरवली आणि तुकडे टाकले. वर भुसभुशीत लाल माती, खाली दगडासारखं काळं ढेकूळ. मुळांनी खाली जाऊन करायचं काय? त्यात महिना जानेवारीचा. उन्हाळी जातीचं गवत थंडीत अर्धवट झोपलेलं असतं. वऱ्हाडात असलं काही लावायचं तर मृगाचा पाऊस पडल्यावर, जून-जुलैत. हे माझे आजोबासुद्धा सांगू शकले असते.

आता कापण्याबद्दल. माझा पहिला पराक्रम असा, की वास्तुशांतीनंतर तीन आठवड्यांनी मी पुण्याहून कौतुकाने एक इलेक्ट्रिक मोवर घेऊन गेलो. सकाळी बाबांनी नुकतंच पाणी मारलं होतं. मी मोवर चालू केला आणि तिसऱ्या फेरीत एका तुकड्याचा कोपरा पात्यात अडकून कार्पेट उचलावं तसा आख्खा वर आला. आई खिडकीतून हसत होती. नियम साधा आहे. कापण्याआधी तीन-चार ठिकाणी कोपरा धरून हलकेच ओढून बघायचं. उचलला गेला, तर मूळ धरलेलं नाही आणि मोवरला हात लावायचा नाही. दिवस मोजून कापायचं नाही, ओढून बघून कापायचं. शिवाय कापण्याआधी एक-दोन दिवस पाणी थांबवायचं. ओल्या नव्या लॉनवर चाकं रुततात, पावलांचे खड्डे पडतात आणि ते कायमचे राहतात.

दुसरा नियम एक तृतीयांशाचा. एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. तीन इंच वाढलं असेल तर दोन इंच राहिलंच पाहिजे. कारण पान हे गवताचं स्वयंपाकघर. तेच एकदम उडवलं तर गवत मुळांतला साठा खाऊन पुन्हा पान काढतं आणि तेवढ्यापुरती मुळांची वाढ थांबते. नव्या लॉनला मुळात साठाच नसतो. पातं धारदार हवं. बोथट पात्याने गवत कापलं जात नाही, फाटतं, आणि दुसऱ्या दिवशी शेंडे पांढुरके-तपकिरी दिसतात. उन्हाळ्यात उंची जरा जास्तच ठेवायची, म्हणजे गवताची सावली गवताच्याच बुडाशी पडते. वेळच्या वेळी थोडं थोडं कापलं, तर बारीक काप तिथेच पडू द्यावेत, कुजून खत होतं.

हे सगळं मला ठाऊक नव्हतं. आणि बाबांना मोवरची भीती वाटायची. एकदा वायर पात्याखाली येता येता वाचली, तेव्हापासून त्यांनी तो स्टोअररूममध्ये ठेवून दिला. एप्रिलमध्ये मी पुन्हा गेलो तेव्हा गवत वीतभर झालं होतं. मला वाटलं, एकदाच बारीक कापून टाकू, म्हणजे महिनाभर बघायला नको. रविवारी भर दुपारी मोवर सगळ्यात खालच्या खाचेवर लावला आणि सगळं भादरलं. वरचा हिरवा भाग गेला आणि खाली राहिल्या पिवळ्या काड्या. बाहेर 43 डिग्री. बुधवारी आईने फोटो पाठवला. लॉन नव्हतं, वाळायला घातलेला कडबा होता.

बाबांनी मला काहीही म्हटलं नाही. हेच वाईट झालं. मी ते लॉन मारलं, अशी त्यांची समजूत नव्हतीच. पाणी कमी पडलं म्हणून वाळलं, असं त्यांना वाटलं. पोराने हौसेने, एवढे पैसे घालून लावलेलं, आणि आपल्याला ते सांभाळता आलं नाही. मग ते पहाटे साडेचारला उठायला लागले. नळ दिवसाआड आणि बोअरचं पाणी उन्हाळ्यात पंधरा मिनिटं चाललं की हवा फेकायचं. तेव्हा पंधरा मिनिटं पाणी, तासभर थांबणं, पुन्हा पंधरा मिनिटं. संध्याकाळी पुन्हा तेच. सत्तरीकडे झुकलेला माणूस हातात पाइप धरून.

एप्रिलच्या शेवटी माझ्या मुलीचा पहिला वाढदिवस होता. मी दोन तिकिटं काढली, अमरावती-पुणे, आणि फोन केला.

"आई येईन," बाबा म्हणाले. "मी नाही येत रे."

"का? तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीले काय झालं? लॉनले पाणी कोण देईन?"

मला आधी हसूच आलं. मी म्हटलं, "बाबा, मरू द्या ते लॉन." ते म्हणाले, "आत्ता कुठं मूळ धरू राह्यलं. आठ दिवस सोडलं तर सारं जाईन." नाहीच आले. वाढदिवसाच्या फोटोंत सगळे आहेत, बाबा नाहीत. केक कापताना आईने व्हिडिओ कॉल लावला, तेव्हा त्यांच्या मागे अंधारात पाण्याचा फवारा दिसत होता.

त्या मे महिन्यात काका आले. दर्यापूरकडे आमचं गाव, वावर ते बघतात. गेटातून आत आले, चपला काढल्या, लॉनच्या कडेला उकिडवे बसले आणि एक काडी उपटून निरखून पाहिली. मग जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहितो.

"अबे, हे तं हरयाली हाय! जे आमी सारी जिंदगी उपटत आलो, ते तू पैसे देऊन आनलं?"

मी म्हटलं, "काका, ही बर्म्युडा आहे. इम्पोर्टेड व्हरायटी." आतेभावाला फोन लावला, स्पीकरवर. तो इतका हसला की बोलता येईना. सायनोडॉन डॅक्टिलॉन. जगभर जिला बर्म्युडा ग्रास म्हणतात ती हीच. हरळी, हराळी, हरयाली, आणि गणपतीला वाहतो ती दूर्वा. गोल्फ कोर्सवरची मऊशार वाणं हीसुद्धा तिचीच निवडलेली किंवा संकर केलेली लेकरं. बेटांचं नाव लागलं म्हणून ती मूळची तिथली नव्हे. वऱ्हाडातला शेतकरी कुंदा आणि हरळी या दोघांशी पिढ्यान्‌पिढ्या भांडत आलाय. निंदून जात नाही, डवऱ्याने जात नाही, खोल नांगरून, काश्या वेचून उन्हात वाळवल्या तरी धुऱ्यावरून पुन्हा वावरात शिरते. म्हणजे मी काय केलं होतं, तर जी वस्तू आमच्या धुऱ्यावर फुकट होती आणि पाणी न देताही मरत नव्हती, तिची लाडावलेली बहीण ट्रकने आणली होती, आणि ती सकाळ-संध्याकाळ पाणी देऊनही जगत नव्हती. :-(

त्या रात्री मी हिशोब मांडला. इंजिनियरला दुसरं येतं काय? एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. 800 चौरस फूट म्हणजे साधारण 75 चौरस मीटर. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात गवत हिरवं ठेवायला रोजचं 6 मिलिमीटर तरी धरावं लागतं. म्हणजे रोज 450 लिटर. मोठे दोन ड्रम आणि वर तीन बादल्या. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी असावं, असं सरकारी प्रमाण आहे. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसासाठी धरलेत 55 लिटर. म्हणजे आमचं लॉन शहरातल्या तीन माणसांचं किंवा खेड्यातल्या आठ माणसांचं पाणी पीत होतं. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत 90 दिवस धरले तर 40,500 लिटर. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली ते आठवतंय? पहिल्या फेरीला दहा वॅगन, पाच लाख लिटर. आमच्या अंगणाचा एक उन्हाळा म्हणजे त्यातली जवळजवळ एक वॅगन.

त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितलं होतं, दुष्काळात मैदानांना पाणी कशाला म्हणून. तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये तावातावाने बोललो होतो, की बरोबरच आहे. स्वतःच्या अंगणात मात्र मला ते दिसलं नाही.

इथपर्यंत आलात तर म्हणाल, कळलं, दुष्काळी भागात लॉन नको, पाणी वाचवा. थांबा. मला हेच म्हणायचं असतं तर लेख इथेच संपला असता. पण हा युक्तिवाद वाटतो तेवढा पक्का नाही, आणि ते आधी कबूल करायला हवं.

काकांनाच मी तो 40,500 लिटरचा आकडा सांगितला. ते म्हणाले, "मंग? एका एकराले किती होते?" केला हिशोब. एका एकरावर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे साधारण 40,000 लिटर. म्हणजे आमच्या लॉनचं आख्ख्या उन्हाळ्याचं पाणी काकांच्या एका एकरावर फक्त एक सेंटिमीटर! हरभऱ्याची एक पाळीसुद्धा त्यात निघत नाही. वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागा, पश्चिम महाराष्ट्रातला ऊस, यांच्यापुढे गावातली सगळी लॉन मिळून कुठेच नाहीत. तेव्हा अंगणातलं गवत उपटून दुष्काळ हटेल, असं कुणी सांगत असेल तर त्याला गणित येत नाही.

पण पाणी म्हणजे नुसता आकडा नाही. कुठलं पाणी आणि कोणत्या महिन्यातलं, हेही बघायला लागतं. काकांचं गाव खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा तिन्ही जिल्ह्यांतून जातो. तिथे विहीर खोदली तर पाणी लागतं, पण खारं. पिकाला दिलं तर जमीन चिकट होऊन बसते, पाणी आत जिरत नाही. प्यायचं पाणी लांबच्या धरणातून पाइपने येतं. अकोल्याला आत्याकडे ड्रम, टाक्या, कळशा यांची रांग मी लहानपणापासून पाहतोय. शहराला पाणी महानच्या काटेपूर्णा धरणातून. अमरावतीला मोर्शीजवळच्या अप्पर वर्धातून, पन्नासेक किलोमीटरवरून. शुद्ध करून, पंपाने चढवून आणलेलं प्यायचं पाणी मे महिन्यात मातीत ओतणं आणि पावसाळ्यानंतर कालव्याने हरभरा भिजवणं, लिटर तेवढेच भरले तरी एकच गोष्ट नाही. अमेरिकेतसुद्धा हे आता उमगायला लागलंय. 2005 साली उपग्रहाची चित्रं वापरून केलेल्या एका अभ्यासात दिसलं, की तिथे पाणी देऊन वाढवलेलं सगळ्यात मोठं 'पीक' गहू-मका नाही, लॉन आहे. नेवाडा राज्याने 2021 साली कायदा करून कंपन्या आणि रस्त्यांकडेच्या नुसत्या शोभेच्या गवताला कोलोरॅडो नदीचं पाणी तोडायचं ठरवलं, 2026 अखेरची मुदत घालून. घरांची अंगणं त्यातून वगळली. जिथून आपण ही हौस उचलली, तिथलेच लोक ती आवरती घेतायत.

आणि मूळची ती त्यांचीही नाही. हौस इंग्लंडची. तिथे वर्षभर पाऊस झिमझिमतो, गवत आपोआप वाढतं, त्यामुळे तिथला प्रश्न पाणी देण्याचा नव्हता, कापायचं कसं हा होता. मोवर काढला एडविन बडिंग नावाच्या माणसाने, 1830 साली, लोकरी कापडाची लव कातरायचं गिरणीतलं यंत्र बघून. आपल्याकडे प्रश्न बरोब्बर उलटा. आपल्याला गवत कापण्याआधी जगवावं लागतं. इंग्रज आले, वऱ्हाडात राहिले, त्यांनी कँपात बंगले बांधले, बंगल्यांपुढे हिरवळ केली. पण त्यांच्याकडे ती जगवायला माळी आणि भिश्ती होते. आपल्याकडे कोण आहे?

माझं मत या प्रश्नाशी येऊन थांबतं. आपल्यापैकी कितीतरी जण पुण्या-मुंबईत, बेंगळुरूत, नाहीतर थेट परदेशात बसून गावाकडच्या घरात काहीतरी 'करून देतो'. लॉन, कारंजं, माशांची टाकी, सोलर, वॉटर प्युरिफायर, अल्सेशियन कुत्रा. पैसे आपण देतो, फोटो आपण काढतो, आणि रोजची चाकरी मागे राहिलेल्या दोन म्हाताऱ्यांच्या गळ्यात पडते. ते नाही म्हणत नाहीत. पोराने हौसेने केलं म्हणून कौतुक करतात, आलेल्या-गेलेल्याला दाखवतात आणि पहाटे उठतात. भेट म्हणून दिलेली वस्तू हळूहळू ड्यूटी होते. माझ्या बाबांनी मातीतून सुटका व्हावी म्हणून शिक्षण घेतलं, नोकरी केली. मी त्यांना सत्तरीत पुन्हा हरळीच्या मागे लावलं. या वेळी उपटायला नाही, जगवायला.

म्हणून नियम साधा करा. रोज पाणी देणार असाल, दर आठवड्याला स्वतः कापणार असाल, तर खुशाल लॉन लावा. लॉन वाईट नाही. लहान पोर अनवाणी गवतावर चालताना बघण्यात सुख आहे, ते मी नाकारत नाही. पण लावणारा एक आणि पाणी देणारा दुसरा असेल, तर लावू नका. आणि लावायचंच असेल, तर जो पाणी देणार आहे त्याला आधी विचारा, तुला काय हवंय? मी विचारलं नव्हतं. उत्तर तर मला आधीच मिळालं होतं. एक कडुनिंब, एक कढीपत्ता, आईचा मोगरा, वांगी-मिरच्या.

त्या जूनमध्ये दोन पाऊस झाल्यावर मी चार दिवस सुट्टी काढून गेलो. काका आले, आतेभाऊ आला. मेलेले तुकडे काढले, बरेचसे हाताने सुटले, मूळ धरलेलंच नव्हतं. जमीन खणली, शेणखत घातलं. कडुनिंब लावला, तो आता कंपाउंडच्या वर गेलाय. वाफे केले. एका कोपऱ्यात दहा बाय दहाची जागा मोकळी ठेवली आणि काकांनी गावच्या धुऱ्यावरून आणलेल्या हरळीचे ठोंब वीत-वीत अंतरावर टोचले. पावसातच तिने जागा झाकली. न्हाणीचं आणि भाजी धुतलेलं पाणी एका चारीने तिकडे वळवलंय. उन्हाळ्यात पिवळी पडते, खुशाल पडते, मृगाला पुन्हा हिरवी होते. दर पंधरवड्याला बाबा कात्रीने नाहीतर विळ्याने वरच्या वर छाटतात, मूड असेल तर. गणपतीत गल्लीतली पोरं सकाळी दूर्वा तोडायला येतात. एकवीसच्या जुड्या बाबाच बांधून देतात.

गेल्या एप्रिलमध्ये बाबा वाढदिवसाला आले. पंधरा दिवस राहिले. मी एकदा गंमत म्हणून विचारलं, "हरळीला पाणी कोण देतंय?" त्यांनी पेपर खाली केला आणि माझ्याकडे बघितलं, वर्गात मूर्ख प्रश्न विचारणाऱ्या पोराकडे बघावं तसं.

"हरयालीले कोण पाणी देते रे?" म्हणाले, आणि पुन्हा पेपर वाचायला लागले.

पहिल्या वाढदिवसाच्या फोटोंत मात्र ते नाहीतच. ते आता काही करता येत नाही.

ता. क.: एक इलेक्ट्रिक मोवर विकणे आहे. दोनदाच वापरलाय. पातं धारदार. वायर लांब आहे, जपून वापरणे. :-)